पेठ, पत्र आणि शोधयंत्र : प्रतिस्पर्ध्यास जागा नाकारण्याच्या अधिकाराचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

आपल्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर शेजारच्या दुकानाची पाटी लावावी, असे कोणा व्यापाऱ्यास सांगता येत नाही. भिंत त्याची, पाटी त्याची. तीवर काय असावे हे तोच ठरविणार. परंतु हाच व्यापारी उद्या गावातील एकमेव पेठेचा धनी झाला, पेठेत येणाऱ्या प्रत्येक गाडीस त्याच्याच वेशीतून यावे लागू लागले, आणि त्याने आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या गाड्या वेशीवर अडविल्या, तर आपण तेच उत्तर देऊ काय? बहुतेकांचे मन येथे अडखळते. प्रस्तुत लेखाचा विषय हे अडखळणे होय.

हा प्रश्न आज तंत्रज्ञान-कंपन्यांच्या संदर्भात पुढे आला आहे. शोधयंत्र, समाजमाध्यम, ॲपचे भांडार ही आजची विक्रीची व जाहिरातीची ठिकाणे आहेत, आणि त्यांचे मालक पुष्कळदा स्वतःही त्याच धंद्यात उतरलेले असतात. डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटर या कंपनीने एक नियम जाहीर केला. त्यानुसार फेसबुक, इन्स्टाग्राम, मॅस्टोडॉन इत्यादी प्रतिस्पर्धी माध्यमांचे दुवे देऊन त्यांची फुकट प्रसिद्धी करण्यास सदस्यांना बंदी घालण्यात आली. पैसे देऊन केलेल्या जाहिरातीस मात्र मुभा ठेवली होती. टीका झाल्यावर हा नियम थोड्याच अवधीत मागे घेण्यात आला. नियम टिकला नाही, पण त्याने उभा केलेला प्रश्न टिकून आहे. प्रतिस्पर्धी सेवेचे नाव आपल्या जागेत येऊ द्यावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार जागेच्या मालकास कोठपर्यंत आहे?

हा प्रश्न नवा आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती बरोबर नाही. यंत्र नवे आहे, प्रश्न जुना आहे. आणि त्याची जी उत्तरे पूर्वी दिली गेली, त्यांपैकी काही खानदेशातील कापसाच्या पेठांत दिली गेली. जळगाव, धुळे, अमळनेर या गावांच्या व्यापारी इतिहासाकडे या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. म्हणून प्रथम तेथून आरंभ करणे युक्त होईल.

२. खानदेशातील पेठ

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासली, आणि त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग खानदेशातून पुढे सरकला. या दोन घटनांनी जळगावचे रूप पालटले. पुढे १९०० साली चाळीसगाव-धुळे शाखा सुरू झाली; तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरत व अमळनेर जोडली गेली. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन विभाग झाले, तेव्हा जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे कापसाच्या व्यापाराचीही केंद्रे होती.

या पेठांत शेतकरी गाडी घेऊन येई. त्याची गाठ प्रथम अडत्याशी पडे. अडत्या विकणाऱ्याचा मुनीम म्हणवी. परंतु त्याचा नित्याचा व्यवहार विकत घेणाराशी असे, आणि शेतकरी वर्षातून एकदोनदाच त्याच्या दारी येई. त्यामुळे तो कोणाचा माणूस, हा प्रश्न नेहमीच संदिग्ध राही. हिंदुस्थानातील अनेक पेठांतून भाव ठरविण्याची रीत रुमालाखाली बोटे दाबण्याची होती. खरेदीदार व दलाल यांचे हात कापडाखाली एकमेकांशी बोलत, आणि ज्याचा माल होता तो शेजारी उभा राहून पाहत असे. त्यानंतर मापाची वेळ येई. तोलाई, हमाली, दलाली, धर्मादाय, कडता अशी वजावट होऊन जे उरे ते शेतकऱ्याचे. मुंबईचा भाव तारेने पेढीवर येई; गाडीवाल्यापर्यंत तो पोहोचलाच तर उशिरा आणि ज्याला सोयीचा तेवढाच पोहोचे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या व्यवस्थेत शेतकऱ्यास कोणी बळजबरीने कापूस विकावयास लावीत नव्हते. पेठेतील प्रत्येक साधन कोणाच्या तरी खाजगी मालकीचे होते, आणि मालकी म्हणून पाहिले तर त्यात वावगे काहीच नव्हते. तराजू ज्याचा तो वापरीत होता. तार ज्यास आली तो ती वाचीत होता. अन्यायाचे मूळ मालकीत नसून एका विशिष्ट योगात होते. जो भाव सांगतो, जो माप करतो आणि जो विकत घेतो, ते एकच अथवा एकमेकांशी बांधलेले होते. दुसऱ्या खरेदीदाराचा आवाज शेतकऱ्याच्या कानी पडण्याचा मार्ग पहिल्या खरेदीदाराच्या पेढीवरून जात होता.

जिनिंग व प्रेसिंगच्या कारखान्यांची गोष्ट याच जातीची आहे. कापूसपट्ट्यात कारखाने गरजेपेक्षा अधिक झाले, तेव्हा मालकांनी ‘पूल’ बांधले. काही कारखाने चालू ठेवावयाचे, काही बंद, दर एकच आणि उत्पन्न सर्वांत वाटून घ्यावयाचे, अशी ही योजना असे. वरवर पाहता गावात धुराडी अनेक दिसत. व्यवहारात दार एकच असे. अनेक दुकाने म्हणजे स्पर्धा नव्हे, हा धडा कापूसपट्ट्याने आजच्या अर्थशास्त्राच्या पुष्कळ आधी घेतला होता.

३. कायद्याने काय केले

या स्थितीवरील उपाय प्रथम वऱ्हाडात योजला गेला. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने पेठेवर समिती, परवाने व ठरलेले आकार आणले. मुंबई इलाख्यास तसा कायदा मिळावयास तीस वर्षे लागली. दरम्यान १९१७ मध्ये नेमलेल्या हिंदी कापूस समितीने व १९२८ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगाने पेठांतील रीतींची चिकित्सा केली. हिंदी मध्यवर्ती कापूस समितीने १९२५ ते १९२८ या काळात शेतकऱ्यांच्या कापसाच्या विक्रीची जी पाहणी ठिकठिकाणी केली, तीत खानदेशाचाही अंतर्भाव होता. १९२७ साली मुंबईचा कापूस बाजार कायदा झाला, आणि त्याखाली आलेल्या आरंभीच्या पेठांत धुळ्याची गणना होते. १९३९ च्या शेतमाल बाजार कायद्याने हीच पद्धत इतर मालास लागू केली, व महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ च्या कायद्याने ती नव्याने बांधली गेली.

या कायद्यांचे वैशिष्ट्य त्यांनी काय केले यापेक्षा काय केले नाही यात अधिक दिसते. त्यांनी व्यापाऱ्याची पेढी काढून घेतली नाही. कोणी कोणाकडून माल घ्यावा, हे सांगितले नाही. आपल्या वखारीवर प्रतिस्पर्ध्याचा भाव लिहून ठेव, असेही कोणास फर्मावले नाही. त्यांनी वेगळी केली ती फक्त सामाईक साधने : माप, बोली आणि भावाची वार्ता. तोलणारा परवानेदार झाला, बोली रुमालाखालून उघड्यावर आली, आणि बाजाराचा भाव सर्वांना दिसेल असा फलकावर लागू लागला. परवाना सर्वांना सारख्या अटींवर मिळावा, हे तत्त्व मान्य झाले.

येथे आपल्या विषयास उपयोगी असा एक भेद हाती लागतो. अमळनेर येथे २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाची एक कंपनी स्थापन झाली. ती भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती तूप बनवी. हीच कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणकाच्या धंद्यात जगप्रसिद्ध झाली, हे वाचकांना ठाऊक असेलच. या कंपनीच्या तुपाच्या डब्यावर दुसऱ्या कारखान्याच्या तुपाची जाहिरात असावी, अशी मागणी कोणीही केली नाही, आणि केली असती तर ती हास्यास्पद ठरली असती. डबा मालकाचा होता. परंतु पेठेतील एकमेव तराजू एखाद्या तूप-कारखान्याच्या हाती असता आणि त्याने दुसऱ्या कारखान्यासाठी आलेल्या शेंगा तोलण्यास नकार दिला असता, तर १९३९ च्या कायद्याने नेमके तेच निषिद्ध मानले असते. डबा आणि तराजू दोन्ही मालमत्ताच आहेत. तथापि नकाराचा अधिकार दोहोंस सारखा लागू नाही.

४. रेल्वे आणि सार्वजनिक हिताचे तत्त्व

हा भेद खानदेशने शोधून काढला असे म्हणावयाचे नाही. सतराव्या शतकातील इंग्लिश न्यायाधीश मॅथ्यू हेल याने बंदरांविषयीच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादले होते की, बंदरावर एकच धक्का असेल आणि सर्वांना तेथेच माल उतरवावा लागत असेल, तर तो धक्का केवळ खाजगी राहत नाही. सार्वजनिक हिताचा स्पर्श त्यास होतो, व मालकाने वाजवी आकार घेऊन सर्वांचा माल उतरवून घेतला पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७७ साली ‘मन् विरुद्ध इलिनॉय’ या खटल्यात हेच तत्त्व शिकागोच्या धान्यकोठारांना लावले. तेथे चौदा कोठारे नऊ पेढ्यांच्या ताब्यात होती, आणि पश्चिमेकडील धान्य समुद्राकडे जाण्याच्या वाटेवर ती एखाद्या वेशीप्रमाणे उभी होती.

हिंदुस्थानात हे तत्त्व रेल्वेच्या कायद्यातून आले. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ४२ व्या कलमाने रेल्वेवर असे बंधन घातले की, माल विनाकारण विलंब न लावता व पक्षपात न करता स्वीकारला व पुढे पाठविला पाहिजे, आणि कोणासही अवाजवी झुकते माप देता कामा नये. एका रेल्वेकडून दुसऱ्या रेल्वेकडे जाणाऱ्या मालासही हे लागू होते. म्हणजे जो प्रतिस्पर्धी मार्ग आहे, त्याच्यासाठीही आपले रूळ ठरावीक अटींवर खुले ठेवावयाचे. १९८९ च्या नव्या रेल्वे कायद्यातही अवाजवी पक्षपाताची मनाई कायम आहे. भुसावळच्या जंक्शनवर उभा राहणारा कापसाचा डबा कोणत्या पेढीचा आहे, हे पाहून त्यास पुढे सोडणे वा अडविणे रेल्वेच्या मर्जीवर राहिले नाही.

५. वृत्तपत्राचा रकाना

आता जाहिरातीकडे वळू. येथे एक नवी अडचण उभी राहते. तराजू बोलत नाही, वृत्तपत्र बोलते. पत्राचा मालक काय छापावयाचे व काय नाही हे ठरवितो, तेव्हा तो केवळ धंदा करीत नसतो, मतही मांडीत असतो. महात्मा गांधींनी आपल्या पत्रांतून जाहिराती घेण्याचे नाकारले. हा नकार व्यापारी हेतूचा नव्हता, आणि तो देण्याचा त्यांचा अधिकार कोणीही अमान्य करणार नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या स्वातंत्र्याची कदर केली आहे. १९५६ च्या एका कायद्यान्वये व १९६० च्या आदेशाने केंद्र सरकारने दैनिकांची किंमत, पृष्ठसंख्या व जाहिरातीची जागा यांवर नियंत्रण आणले. मोठ्या पत्रांनी लहानांस गिळू नये, असा हेतू सांगितला होता. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्यास आव्हान दिले, आणि सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायालयाने तो कायदा व आदेश घटनाबाह्य ठरविले. जाहिरातीची जागा आवळली की पत्राचा खप व त्याबरोबर विचारप्रसार आवळला जातो, ही न्यायालयाची विचारसरणी होती. स्पर्धेच्या नावाखाली पत्राच्या रकान्यात सरकारने हात घालावा, हे त्यास मान्य झाले नाही.

याच्या दहा वर्षे आधी अमेरिकेत एक वेगळा प्रसंग घडला होता, आणि आपल्या प्रश्नास त्याहून जवळचा दाखला सापडणे कठीण. ओहायो राज्यातील लॉरेन या गावी ‘जर्नल’ नावाचे एकच दैनिक होते व ते गावातील जवळजवळ प्रत्येक घरी जाई. १९४८ साली शेजारच्या इलिरिया गावी एक नभोवाणी केंद्र निघाले आणि स्थानिक दुकानदार तेथेही जाहिराती देऊ लागले. तेव्हा ‘जर्नल’ने असे धोरण ठेवले की, जो दुकानदार नभोवाणीवर जाहिरात देईल त्याची जाहिरात आम्ही छापणार नाही. डिसेंबर १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मक्तेदारी टिकविण्याचा प्रयत्न म्हणून बेकायदा ठरविला. जाहिरात नाकारण्याचा प्रकाशकाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. परंतु तो निरपवाद नाही, प्रतिस्पर्ध्याचा गळा आवळण्यासाठी त्याचा उपयोग करता येणार नाही, असे सांगितले.

‘सकाळ’ व ‘जर्नल’ या दोन निर्णयांत वरकरणी विरोध दिसतो, पण तो खरा नाही. पहिल्यात पत्राने प्रतिस्पर्ध्यास काहीच केले नव्हते. सरकारच रकान्यावर चालून आले होते. दुसऱ्यात पत्र स्वतः गावाची वेस झाले होते आणि नकाराचे कारण विचार, अभिरुची वा नीती हे नसून केवळ प्रतिस्पर्ध्याचे अस्तित्व हे होते. पहिल्या प्रसंगी रकाना डब्यासारखा होता. दुसऱ्या प्रसंगी तो तराजू झाला होता.

तथापि प्रत्येक मोठे साधन तराजू ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑस्ट्रियात ‘मीडियाप्रिंट’ या प्रकाशनसंस्थेने घरोघरी अंक पोहोचविणारी देशव्यापी यंत्रणा उभारली होती. ‘डेअर श्टांडार्ड’ या लहान दैनिकाच्या प्रकाशकाने पैसे देऊन त्या यंत्रणेत जागा मागितली व ती मिळाली नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा नकार गैर मानला नाही. टपाल आहे, दुकाने आहेत, दुसरी यंत्रणा उभारणे महाग असले तरी अशक्य नाही. प्रतिस्पर्ध्याने कष्टाने जे उभारले त्यात वाटा मागण्यापूर्वी त्यावाचून आपणांस जगताच येत नाही हे सिद्ध केले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता. ही कसोटी कठोर आहे, परंतु तीमागे एक न्याय्य विचार आहे. उभारलेले सर्व काही उद्या सामाईक होणार असेल, तर उभारण्याचे कष्ट कोण घेईल?

६. टेलिफोनची यादी

या दोन टोकांच्या मध्ये मुंबईत घडलेला एक खटला येतो. महानगर टेलिफोन निगम ही दूरध्वनीची सरकारी मक्तेदार संस्था होती आणि ग्राहकांची यादी तीच प्रसिद्ध करी. १९८७ पासून या यादीस जाहिरातींची पिवळी पाने जोडण्यात येऊ लागली, आणि त्यांचे उत्पन्न छापणाऱ्या कंत्राटदारास मिळे. टाटा प्रेसने त्याच नमुन्याची, व्यापाऱ्यांच्या जाहिरातींची स्वतंत्र पिवळी पाने काढली. यादी छापण्यास आमची परवानगी लागते, असा टेलिफोन नियमांचा आधार घेऊन निगमने त्यास हरकत घेतली. उच्च न्यायालयात निकाल टाटा प्रेसविरुद्ध गेला. ३ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. व्यापारी जाहिरात हीसुद्धा घटनेच्या १९ व्या अनुच्छेदातील अभिव्यक्ती आहे, आणि ती ऐकण्याचा हक्क नागरिकास आहे, असे न्यायालयाने प्रतिपादिले. त्याच वेळी ग्राहकांची संपूर्ण यादी म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी छापण्याचा निगमचा अधिकार अबाधित ठेवला.

या निर्णयाने दृष्टिकोन बदलला हे महत्त्वाचे आहे. तोपर्यंत प्रश्न दोन धनिकांमधला होता : जागेचा मालक आणि जाहिरातदार. आता तिसरा पक्ष समोर आला, तो म्हणजे वाचणारा. खानदेशच्या पेठेत हा तिसरा पक्ष गाडीवर बसलेला शेतकरी होता. दुसऱ्या खरेदीदाराचा भाव त्याच्या कानी पडला नाही, तर नुकसान दुसऱ्या खरेदीदाराचे थोडे व शेतकऱ्याचे फार. म्हणून प्रतिस्पर्ध्याची जाहिरात नाकारली जाते, तेव्हा ‘कोणाचा धंदा बुडाला’ हा प्रश्न दुय्यम आहे. ‘कोणाला काय कळले नाही’ हा मुख्य.

७. शोधयंत्र

आजच्या कंपन्यांकडे या प्रकाशात पाहावे. आपल्या देशात २००२ च्या स्पर्धा कायद्याने, ज्याच्या संबंधित तरतुदी २००९ मध्ये अंमलात आल्या, प्रबळ स्थितीचा दुरुपयोग निषिद्ध केला. बाजारात प्रवेश नाकारणे हा त्या दुरुपयोगाचा एक प्रकार मानला आहे. प्रबळ असणे हा गुन्हा नव्हे, ही गोष्ट कायद्याने जपली आहे.

या कायद्याखाली विवाहविषयक सेवा देणाऱ्या एका कंपनीने व एका ग्राहकसंस्थेने गूगलविरुद्ध तक्रारी केल्या. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पर्धा आयोगाने बहुमताने निर्णय देऊन १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. विमानप्रवासाच्या शोधात स्वतःच्या सेवेस ठळक जागा देणे, व आपले शोधयंत्र वापरणाऱ्या संकेतस्थळांना प्रतिस्पर्धी शोधसेवा वापरण्यापासून रोखणे, यांत आयोगास दोष दिसला. जाहिरातीच्या लिलावाच्या अटींत मात्र आयोगास उल्लंघन आढळले नाही. हा विवेक लक्षणीय आहे. आयोगाने गूगलची प्रत्येक कृती तराजूच्या मापाने मोजली नाही. जेथे मापाचा संबंध होता तेथेच ते लावले. युरोपातही २०१७ मध्ये खरेदीविषयक शोधात स्वतःच्या सेवेस अग्रस्थान दिल्याबद्दल याच कंपनीस २४२ कोटी युरो दंड झाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च युरोपीय न्यायालयाने तो कायम केला.

येथे जुन्या पेठेशी असलेले साम्य स्पष्ट दिसते. शोधयंत्राचा मालक भाव सांगतो, माप करतो आणि काही सेवांत स्वतः विकतोही. क्रम कसा लागतो हे रुमालाखाली राहते. फरक एवढाच की, जळगावच्या शेतकऱ्यास निदान कापडाखाली बोटे हलताना दिसत होती.

८. उपायातील धोका

परंतु इतिहासाचा उपयोग एकाच बाजूचा पुरावा गोळा करण्यासाठी करू नये. खानदेशचा पुढील इतिहास उलट दिशेचा इशाराही देतो.

तराजू सार्वजनिक झाला, म्हणजे तो निःपक्षपाती झालाच असे नव्हे. ज्या बाजार समित्यांनी रुमाल दूर केला, त्यांच्याच आवाराबाहेर विक्री करण्यास पुढे मज्जाव होऊ लागला, आणि परवाना हे नव्या खरेदीदारास रोखण्याचे साधन बनू शकते हे दिसून आले. १९७२ पासून राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. हमीभाव देणे हा तिचा हेतू स्तुत्य होता. परंतु तिने शेतकऱ्यापुढे खरेदीदार एकच ठेवला, आणि गुजरात व मध्य प्रदेश यांच्या सीमेवर असलेल्या खानदेशात सीमेपलीकडील भाव चढला की कापूस रात्री सीमा ओलांडू लागला. दुसरा भाव शेतकऱ्याच्या कानी पडू न देणारे दार या वेळी शासनाचे होते. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीस वाट मोकळी झाली. २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यासही मुभा दिली.

तात्पर्य, दार खाजगी हातात असो वा सरकारी, नकाराची मर्जी ही मर्जीच असते. आज डिजिटल स्पर्धेसाठी नवे कायदे होत आहेत. युरोपीय संघाचा कायदा २०२२ मध्ये झाला, आणि आपल्याकडील समितीने मार्च २०२४ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. अशा कायद्याखाली कोणती जाहिरात स्वीकारावी हे सांगण्याची सत्ता एखाद्या अधिकाऱ्याच्या हाती गेली, तर ‘सकाळ’च्या निर्णयाने जे दार बंद केले ते दुसऱ्या बाजूने उघडेल.

९. निष्कर्ष

आतापर्यंतच्या विवेचनावरून तीन कसोट्या हाती येतात. पहिली, दुसरी वाट आहे काय? ‘श्टांडार्ड’ला होती, लॉरेनच्या दुकानदारांना व शिकागोच्या धान्यास नव्हती. दुसरी, मालकाने ती जागा सर्वांना बोलावून खुली केली आहे काय? पेठेस सर्वांनी यावे म्हणूनच ती पेठ असते. तुपाच्या डब्यावर कोणास आमंत्रण नसते. तिसरी, नकार देणारा स्वतः त्याच स्पर्धेत उभा आहे काय, आणि नकारास प्रतिस्पर्धा याखेरीज दुसरे कारण आहे काय? फसवी वा हानिकारक जाहिरात नाकारणे हे कर्तव्य आहे. आणि मतासाठी नाकारणे हे स्वातंत्र्य. केवळ प्रतिस्पर्धी म्हणून नाकारणे यांपैकी काहीच नव्हे.

तिन्ही कसोट्यांचे उत्तर मालकाच्या विरुद्ध जाईल तेथेच नकाराचा अधिकार संपतो. इतरत्र तो आहे, आणि असावा. म्हणजे लहान संकेतस्थळ, मासिक, एखाद्या व्यापाऱ्याचे स्वतःचे ॲप यांना प्रतिस्पर्ध्याची जाहिरात नाकारता येईल. अनेकांपैकी एक असलेल्या समाजमाध्यमासही बहुधा येईल. ज्या शोधयंत्रावाचून वा ॲप-भांडारावाचून ग्राहकापर्यंत पोहोचण्यास दुसरा मार्गच उरलेला नाही, त्यास मात्र येणार नाही. आणि जेथे अधिकार संपतो तेथेही उपाय पेठेच्या कायद्याने दाखविला तोच पुरेसा आहे : माप, बोली आणि भावाचा फलक उघड करावयाचा, अटी सर्वांना सारख्या ठेवावयाच्या, नकाराचे कारण लेखी द्यावयाचे व त्यावर दाद मागण्याची सोय ठेवावयाची. पेढी मालकाची ती मालकाकडेच राहू द्यावी.

हा प्रश्न मोठ्या कंपन्यांच्या आपसातील भांडणाचा आहे, असे समजून विद्यार्थ्यांनी तो दूर सारू नये. रावेर-यावलच्या केळीचा वा धुळ्याच्या कापसाचा भाव आज शेतकरी हातातील पडद्यावर पाहतो. त्या पडद्यावर दुसऱ्या खरेदीदाराचे नाव दिसू द्यावयाचे की नाही, हे कोठेतरी कोणीतरी ठरवीत असतो. ज्या प्रदेशाने रुमालाखालची बोली पाहिली आणि ती उघड्यावर आणविली, त्या प्रदेशाच्या अभ्यासकांनी हा प्रश्न आपला मानावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. धुळे, अमळनेर व जळगाव येथील बाजार समित्यांची जुनी कार्यवृत्ते या दृष्टीने वाचली गेली, तर वर मांडलेल्या भेदास अधिक भक्कम आधार मिळेल, किंवा तो सुधारून घ्यावा लागेल. दोन्ही परिणाम इष्टच होत.